माणिकरावांची भिंत कशी पडली

रागावलेलं गिऱ्हाईक मिस्त्रीला मनापासून आवडतं. लोकांना हे पटत नाही; पण चाळीस वर्षं थापी आणि ओळंबा घेऊन भूम तालुक्यातल्या गल्लीबोळांतून हिंडलेला मी गवंडी, मला विचाराल तर हेच सांगेन. साधा माणूस घर बांधायला काढतो तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. दगड जास्त लागतोय का, चुना कमी पडेल का, खिडकी इकडं घेतली तर चालेल का, थांबा, सासऱ्यांना विचारून उद्या सांगतो. असा माणूस मिस्त्रीचं डोकं खातो. रागावलेल्या माणसाचं तसं नसतं. शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपेल असं काहीतरी त्याला हवं असतं आणि ते लवकर हवं असतं. तो दगड निवडून आणतो, चुना मळायच्या घाणीपाशी स्वतः उभा राहतो आणि कामावर चहा वेळेवर पाठवतो.

असं गिऱ्हाईक ओळखायलाही सोपं. घर बांधणारा माणूस बोलताना आपल्या जागेकडं बघतो. खुन्नसीनं बांधणारा बोलतो माझ्याशी आणि बघतो शेजाऱ्याच्या दाराकडं. पहिला विचारतो, "किती खण निघतील?" दुसरा विचारतो, "उंची किती जाईल?" उंचीचा प्रश्न आधी आला की मी मनाशी समजायचो, प्रकरण भावकीचं आहे.

हे सगळं विलीनीकरणानंतर वाढलं. निजामाच्या अमलात राग आला तरी माणूस तो गिळायचा. घर उंच दिसलं की कुणाच्या तरी नजरेत यायचं, म्हणून ज्याची ऐपत होती तोही खुजं दार ठेवून वाकून आत जायचा. पुढं ते राज्य गेलं, आम्ही हैदराबाद राज्यात राहिलो, मग मुंबई राज्यात आलो, गावोगावी एस. टी. धावायला लागली आणि लोकांना कंठ फुटला. कोर्टात जायचं ते गेले, निवडणुकीला उभं राहायचं ते राहिले. उरले ते माझ्याकडं आले.

अशातलं माझं पहिलं काम सरकारवरच्या रागाचं होतं. एका तालुक्याच्या गावी एक कापडवाले शेटजी होते. गावाचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचं दुकान कचेरीच्या बरोबर समोर. दुकानापुढं एक ओटा हवा म्हणून त्यांनी परवानगीचा अर्ज केला. जन्म उर्दूत गेलेला, म्हणून अर्ज उर्दूत. तो परत आला, मराठीत द्या. शेटजींनी व्यापाऱ्याच्या सवयीनं मोडीत लिहिला. तोही परत आला, बाळबोध लिपीत द्या. तिसरा अर्ज नकाशा नाही म्हणून परत आला. असं करता करता वर्ष सरलं आणि शेवटी परवानगीचा कागद हातात पडला. ओटा लांबी सहा हात, रुंदी तीन हात.

शेटजी तो कागद घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, "मिस्त्री, ह्याच्यात उंची कुठं लिव्हलीय का बगा."

मी उलटापालटा करून पाहिला. उंची लिहिलेली नव्हती.

"मग कचेरीच्या खिडकीएवढी घ्या," शेटजी म्हणाले.

कचेरीचं जोतं चांगलंच उंच, त्यावर खिडकी. ओटा माणसाच्या डोक्याच्याही वर गेला. पायऱ्या काढल्या असत्या तर त्या सहा बाय तीनच्या बाहेर गेल्या असत्या, म्हणून पायऱ्या नाहीत. शेटजी सकाळी शिडी लावून वर चढायचे, शिडी वर ओढून घ्यायचे आणि गादीवर बसून वर्तमानपत्र उघडायचे. समोर खिडकीत साहेब. दोघांच्या नाकांमध्ये रस्त्याएवढंच अंतर. गिऱ्हाइकं खाली माना वर करून उभी असायची आणि शेटजी वरून धोतराचं पान सोडून दाखवायचे. उकाड्यामुळं साहेबांना खिडकी लावून घेता येईना. महिनाभरानं साहेबच खिडकीतून म्हणाले, "शेटजी, पायऱ्यांसाठी अर्ज करा. मी आजच्या आज सही करतो."

शेटजींनी वर्तमानपत्र खाली केलं आणि विचारलं, "कंच्या लिपीत करू, सायेब?"

सही झाली. पायऱ्या मीच बसवल्या आणि साहेबांनी त्याच पायऱ्यांवरून चढून शेटजींच्या शेजारी बसून चहा घेतला. तेव्हापासून माझी अशी समजूत झाली की रागाच्या बांधकामात कुणाचं फारसं बिघडत नाही, गावाची करमणूक होते आणि मिस्त्रीला काम मिळतं. ही समजूत माणिकराव आणि भगवानराव या दोन भावांनी पार मोडून काढली. ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती इथून सुरू होते.

भूमपासून चार कोसांवरचं गाव. तिथं या दोघांचं वडिलार्जित माळवदाचं घर. ज्यांनी आमच्याकडची माळवदं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर लिंबाचा पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. ही पांढरी माती चोपून बसवली की पाणी आत येऊ देत नाही. मात्र ती दरसाल पावसाळ्याच्या आधी नव्यानं टाकावी लागते. वरचा भाग सपाट, अंगणासारखा. बायकांचं निम्मं आयुष्य तिथं जातं. ज्वारी वाळवणं, कुरडया घालणं, पापड राखणं आणि गावातली खबरबात, सगळं माळवदावर.

वडील गेल्यावर भावांनी घर मधोमध वाटून घेतलं. मधली भिंत दोघांत सामाईक राहिली, तिच्यावर दोन्हीकडच्या तुळया टेकलेल्या. वर जायचा दगडी जिना तेवढा थोरल्या माणिकरावांच्या वाट्याला गेला. धाकट्या भगवानरावांच्या माणसांनी त्याच जिन्यानं जावं-यावं असं तोंडी ठरलं आणि पुष्कळ वर्षं चाललंही. माणिकराव आणि त्यांची बायको द्वारकाबाई यांना मूल नव्हतं. भगवानरावांची मुलगी सुमन द्वारकाबाईंनीच लहानाची मोठी केली होती. ती जेवायची एका घरात आणि झोपायची दुसऱ्या घरात, त्याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता. द्वारकाबाईंना ती थोरली आई म्हणायची.

एका पावसाळ्यात सामाईक भिंतीतून पाणी झिरपलं आणि माणिकरावांच्या कोठीतलं शेंगांचं बी भिजून गेलं. माणिकराव म्हणाले, भगवाननं माळवदावर माती टाकायला उशीर केला. भगवानराव म्हणाले, दादांची पन्हाळ तुंबली. शब्दानं शब्द वाढला. मी नंतर ती भिंत पाहिली तेव्हा घुशीनं आरपार पोखरलेली होती. दोष ना थोरल्याचा होता ना धाकट्याचा. पण मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी घुशीवर राग काढायला दोघेही तयार झाले नसते.

माणिकरावांनी जिन्याला दार बसवलं आणि कुलूप लावलं. धाकट्याच्या घरच्यांना आपल्याच माळवदावर चढायची सोय राहिली नाही. त्यांनी बाहेरून शिडी लावली, तर माणिकराव ओट्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शिडीवरनं चोर चढतेत." तिसऱ्या दिवशी भगवानरावांचं मला बोलावणं.

भगवानराव माझ्याशी बोलत होते आणि बघत होते माणिकरावांच्या दाराकडं. मी समजलो.

"मिस्त्री, मला जिना पायजे. दगडी. गल्लीच्या अंगानं, सगळ्यांला दिसंल असा. दादाच्या जिन्याला अकरा पायऱ्या हायत. माझ्याला तेरा पायजेत."

बारा का नाहीत, असं वाचकांना वाटेल. आमच्याकडं पायऱ्यांचा आकडा विषमच लागतो, सम पायऱ्यांचा जिना कुणी बांधत नाही. अकरावर कुरघोडी करायची तर थेट तेरा. मी म्हणालो, "भगवानराव, माळवद साडेपाच हात उंच. वीतभर उंचीच्या अकरा पायऱ्यांत बरोबर वर पोचतो माणूस. तेरा बसवायच्या तर प्रत्येक पायरी थोडी बुटकी घ्यावी लागंल."

"म्हंजे माझी पायरी दादाच्या पायरीपरीस खुजी?"

"मग तेरा कशा बसतील?"

"ते तुमी बगा. मिस्त्री तुमी का मी?"

मी बांधला. अकराव्या पायरीशी माळवद आलं. तिथून पुढं आणखी दोन पायऱ्या आभाळात गेल्या. शेवटच्या पायरीवर उभं राहिलं की माणूस माळवदाच्या हातभर वर. मग पलीकडच्या अंगाला लावलेल्या दोन पायऱ्यांवरून खाली माळवदावर उतरायचं. ज्वारीचं पोतं घेऊन चढणाऱ्या गड्याला ते आधी दोन पायऱ्या जास्त वर न्यावं लागायचं आणि मग खाली आणावं लागायचं. आजूबाजूच्या गावांतली माणसं बघायला यायची. पण खोटं कशाला बोलू, काम देखणं झालं होतं. एकही पायरी डुगडुगत नव्हती.

जिन्याच्या शेवटच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मी चुन्यानं भरत होतो तेवढ्यात माणिकरावांनी मला आपल्या ओट्यावर बोलावून घेतलं.

"त्याचा जिना वर गेला. आता तिथं उभं ऱ्हाऊन त्यो माझ्या माळवदावर बगणार. मिस्त्री, मधी भिंत घाला."

"केवढी?"

"तेराव्या पायरीवर उभा ऱ्हायला तरी त्याला माझी पगडी दिसू न्हाय, एवढी."

दोन्ही भावांचं काम एकाच मिस्त्रीनं घ्यावं का, असं तुम्ही विचाराल. आमच्या भागात दगडचुन्याचं काम जाणणारे तेव्हा फार थोडे होते. मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी बार्शीहून मिस्त्री आणला असता. शिवाय मला एक लोभ होता, तो सांगून टाकतो. गावानं मारुतीच्या देवळापुढं दगडी सभामंडप बांधायचं मनावर घेतलं होतं. घडीव दगडाचे खांब आणि वर कमानी. कमान बांधायची संधी आमच्यासारख्या खेड्यातल्या मिस्त्रीला आयुष्यात एकदा मिळाली तर मिळाली. पंचांनी अजून शब्द दिला नव्हता, पण माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नावही निघत नव्हतं आणि माणिकराव पंचांपैकी एक होते. त्यांना नाराज करायची माझी तयारी नव्हती.

सामाईक भिंतीतली घुशीची बिळं आधी दगड-चुन्यानं ठासून बुजवली आणि मग वरची भिंत चढवली. एकेरी दगडाची, पण चुन्यात, ओळंब्यात. माणिकराव दिवसभर शेजारी उभे राहून एकेक दगड बघून घ्यायचे. भिंत उभी राहिली आणि दोन घरांची एकमेकांकडं बघायची वाट बंद झाली.

ती भिंत काय करते हे मला तिच्या दर्जा भरताना दिसलं. उन्हाळ्याचे दिवस होते, सकाळची वेळ. द्वारकाबाई आपल्या जिन्यानं वर आल्या, गव्हाचं सूप घेतलं आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. पलीकडं सुमन तेरा पायऱ्या चढून, दोन उतरून आली आणि तीही भिंतीला पाठ लावून बसली. मी भिंतीच्या टोकाला शिडीवर, मला दोघी दिसत होत्या. एकमेकींना त्या दिसत नव्हत्या.

"थोरले आई, आलीस का?"

"आले गं. जेवलीस का?"

"जेवले. तू काय करतीस?"

"गहू निसतीय. तुझ्या शेवयाचे."

अशा त्या दोघी तासभर बोलल्या. मी थापी हातात धरून नुसता उभा राहिलो. माझ्या हातून आजवर पुष्कळ भिंती उभ्या राहिल्या होत्या, पण अशी लाज कुठल्याच भिंतीची वाटली नव्हती. मला वाटतं, खाली कोठीत बसलेल्या माणिकरावांनाही ते बोलणं ऐकू येत असावं, कारण माळवदाच्या साण्यातून, म्हणजे उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यातून, वरचं सगळं खाली ऐकू येतं.

पुढं दोन वर्षं हे असंच चाललं. मग सुमनचं लग्न ढोकीकडच्या एका बागायतदाराच्या घरात ठरलं. भगवानराव म्हणाले, दादाला बोलावणार नाही. माणिकराव म्हणाले, बोलावल्याशिवाय जाणार नाही.  द्वारकाबाईंनी माणिकरावांशी बोलणं सोडलं, ताट वाढून समोर ठेवायच्या आणि माळवदावर निघून जायच्या. लग्न बारा-पंधरा दिवसांवर आलं तेव्हा माणिकराव एस. टी.नं भूमला माझ्या घरी आले. असा माणूस पायरी चढून माझ्या घरी येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पाणी प्यायले आणि म्हणाले, "मिस्त्री, ती भिंत काढायची."

मला आनंद झाला. म्हणालो, "उद्याच येतो."

"तसं न्हाय. म्या काढली असं व्हता कामा न्हाय. म्या काढली म्हंजे म्या वाकलो. मग ती पोरगी सासरी गेल्यावर त्यो जलमभर मला ऐकवणार." मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "ती पडली पायजे."

त्यांच्या डोक्यात काय होतं ते सांगायला हवं. आमच्याकडं एक रीत आहे. लग्नाला, बारशाला बोलावणं लागतं. पण कुणाची भिंत पडली, घर पेटलं किंवा कुणी गेलं तर बोलावणं लागत नाही. हाडवैरीसुद्धा धावून येतो आणि आला तर त्यात कुणी वाकलं असं धरत नाहीत. भिंत पडली की भगवानरावांना यावंच लागणार. ते एकदा या दारात आले की माणिकरावांना त्या दारात जायला वाट मोकळी.

"पण माणिकराव," मी म्हणालो, "पडली म्हणायचं म्हणजे कुणाची पडली? माझी पडली. माझी एक भिंत आजवर पडलेली न्हाई. मंडपाचं काम तोंडावर आलंय. गाव काय म्हणंल?"

 "मला ठावं हाय," माणिकराव म्हणाले. "म्हून तर मिस्त्री, हुकूम करायला न्हाय आलो. इचारायला आलोय."

मी हो का म्हणालो, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मोठं मन वगैरे काही नव्हतं. त्या दोघींच्या पाठी माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या, एवढंच.

भूमच्या बाजाराचा दिवस धरला. निम्मं गाव बाजाराला गेलेलं, भगवानरावही बायको आणि सुमनसह लग्नाच्या कापडांसाठी गेलेले. ते पाचच्या गाडीनं परतणार. द्वारकाबाई ओट्यावर राखणीला बसल्या. दुपारच्या उन्हात मी आणि माणिकराव पहारी घेऊन वर चढलो. मला वाटलं होतं, दोन तासांत आटपेल. पण चुना असा काही धरला होता की पहार मारली तर ठिणग्या उडायच्या आणि दगड जागचा हलायचा नाही. माणिकरावांचं धोतर घामानं चिकटलं. ते वैतागून म्हणाले, "कामून एवढी पक्की बांधली हो?"

"तुमीच तर शेजारी उभं ऱ्हाऊन बांधून घेतली."

वरचे थर एकेक करून सुटत गेले. सुटलेले दगड कुठं टाकायचे? माळवदावर कसेही टाकले तर तुळया मोडून खाली कोठीत जातील. म्हणून मी ते तुळयांच्या दुसऱ्या टोकांवर, बाहेरच्या भिंतीच्या कडेला नीट चळती लावून ठेवत गेलो, म्हणजे भार सरळ खाली जाईल. हाताला लागलेली सवय, त्यात मी काही विचार केला नाही. निम्मी भिंत उतरली आणि वेशीकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला.

"आता ढकला," मी म्हणालो. ढकलायची तर पलीकडून, म्हणजे भगवानरावांच्या माळवदावरून, नाहीतर अंगावर आली असती. मी निम्म्या भिंतीवरून पलीकडं उतरलो. माणिकराव जागीच थांबले. दोन वर्षांत त्यांनी भावाच्या माळवदावर पाऊल ठेवलं नव्हतं. मग त्यांनी धोतर खोचलं आणि आले. खालच्या थरात पहारी घालून आम्ही दोघांनी जोर लावला आणि उरलेली भिंत एवढा मोठा आवाज करून गेली की मारुतीच्या पारावरची माणसं उठून उभी राहिली. माणिकरावांची पन्हाळ तुटून गल्लीत पडली. आम्ही दोघे धुळीत मागं बसलो.

भगवानराव कापडांचं गाठोडं टाकून पळत आले. तेरा पायऱ्या चढून वर उभे राहिले आणि पाहतात तो भाऊ आपल्याच माळवदावर, डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.

"दादा! लागलं का हो?"

दोन वर्षांत त्या तोंडून ती हाक निघाली नव्हती. माणिकरावांनी तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "मला काय व्हतंय. तडा दावाया मिस्त्र्याला वर आणलं, आन पडाया लागली तशी हिकडं उडी टाकली. ह्या मिस्त्र्याचं कामच कच्चं."

भगवानराव माझ्याकडं वळले. आधी थोरल्यानं सुरुवात केली, मग धाकट्यानं धरली. चुन्यात माती कालवली, दगड कुजका वापरला, माझ्या भावाचा जीव घेतला असतास, तुला थापी कुणी धरायला दिली. एक थांबला की दुसरा बोलायचा. दोन भाऊ एका बाजूला आणि मी एकटा एका बाजूला. गल्ली भरून माणसं वर बघत होती. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात मागून द्वारकाबाई वर आल्या, दगडांच्या ढिगावरून चालत गेल्या आणि पायऱ्यांवर उभ्या असलेल्या सुमनला त्यांनी मिठी मारली. मग कुणी माझ्याकडं लक्ष दिलं नाही.

दोन दिवसांनी मंडपासाठी पंच बसले. मीही गेलो होतो. एकजण म्हणाला, ज्याची भिंत दोन वर्षांत पडती त्याच्या हाती मारुतीच्या डोक्यावरचे दगड कसे द्यायचे? बार्शीच्या मिस्त्रीचं नाव निघालं. माणिकराव माझ्याकडं बघत होते, मग खाली बघायला लागले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा भूमला आले आणि दारातच म्हणाले, "मिस्त्री, म्या खरं सांगून टाकतो. मला सोसवंना."

"लग्नाला आठ दिवस ऱ्हायलेत," मी म्हणालो. "गप बसा."

ते गप्प बसले आणि मंडप बार्शीच्या मिस्त्रीनं बांधला. मला फार वाईट वाटलं. आजही त्या गावातून एस. टी. जाते तेव्हा मी कमानींकडं बघतो. चांगल्या आहेत. एक जराशी चपटी आहे.

लग्न मात्र झकास झालं. दोन्ही माळवदं मिळून बायकांची बैठक, दोन्ही घरांत पंगती. सनई-चौघडेवाले भगवानरावांच्या जिन्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर बसले होते आणि त्या पायऱ्या कशासाठी होत्या हे गावाला शेवटी कळलं. कन्यादानाला भगवानरावांनी थोरल्या दोघांना बसवलं. द्वारकाबाई सुमनचा हात धरून हमसून हमसून रडत होत्या. मला पंगतीत पाटावर बसवून वाढणारा प्रत्येकजण विचारत होता, "मिस्त्री, मांडव तुमी न्हाय ना बांधला?"

पुढची तीन वर्षं त्या अंगाला मला काम मिळालं नाही. मी परंड्याकडं, कळंबकडं विहिरींची कामं करत राहिलो. मग एके दिवशी भगवानराव माझ्या दारात. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "मिस्त्री, पडलेल्या भिंतीचे दगड कोण चळत लावून ठिवतं हो? तेबी तुळयांच्या बरोबर टोकावर?"

मी कप खाली ठेवला. "म्हंजे तुमाला ठावं होतं?"

"तेराव्या पायरीवर पाय ठिवला तवाच दिसलं."

"मग मला शिव्या कामून दिल्या?"

"न्हाय दिल्या तर मला कळलंय हे दादाला कळलं असतं," भगवानराव म्हणाले. "त्यानं एवढा घाम गाळला, म्या तेवढं बी करू न्हाय का?" मग ते खाली बघत म्हणाले, "तुमचं मंडपाचं काम गेलं. त्याला आमी दोघं बी गुन्हेगार हाव. म्या आलोय ते सुमनच्या निरोपानं. ढोकीला तिच्या घरच्यांनी नवं घर काढलंय. सासरे म्हनले, मिस्त्री सोलापूरहून आणू. सुमन म्हनली, मिस्त्री आमच्या भूमचाच पायजे. सासरे म्हनले, त्योच व्हय, ज्याची भिंत पडली?"

"मग?"

"पोरगी म्हनली, त्योच. पायजे तवा उभी ऱ्हाती आन पायजे तवा पडती, अशी भिंत बांधणारा दुसरा कोण हाय?"

भगवानराव हसत होते आणि डोळे पुसत होते. मी दुसऱ्या दिवशी ढोकीची गाडी धरली. आता ते दोघे भाऊ नाहीत, द्वारकाबाईही नाहीत, त्यामुळं हे छापून आल्यानं कुणी वाकणार नाही. सुमनच्या घरात आता नातवंडं खेळतात. त्या घराच्या भिंती अजून उभ्या आहेत, पाडायला मला अद्याप कुणी बोलावलेलं नाही.